ओहळाकाठची तार

नवरात्रात आमच्या घरात दोन आवाज असायचे, एक आईचा आणि दुसरा पाड्यावरच्या मंडळाच्या स्पीकरचा. बाबा म्हणायचे, त्यातला स्पीकर बरा, लाईट गेली की तो तरी गप्प बसतो. हे ऐकलं की आई भांडी आणखी जोरात घासायची. गंजाडच्या पुढे डांबर संपून लाल मातीची वाट सुरू होते, त्या वाटेवर आमचा पाडा, वीस-पंचवीस कुडाच्या घरांचा. त्यात आमचं घर सगळ्यात शेवटचं. घरामागे भाताचं शेत, शेताच्या कडेने ओहळ, ओहळापलीकडे जंगल आणि जंगलाच्या डोक्यावर डोंगराची धार. धारेपलीकडचे पाडे तलासरीच्या हद्दीतले. संध्याकाळ झाली की स्पीकरवर गरब्याची गुजराती गाणी लागायची, मग एखादा म्हातारा भोपळ्याचा तारपा फुंकत यायचा आणि पोरं कुरकुरत गाणी बंद करायची. शेतात हळवा, लवकर पिकणारा भात पिवळा पडलेला असायचा, पण नवं देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही हा नियम. म्हणून जुन्या तांदळाची कणगी खरवडून केलेली भाकरी, वाणगावच्या बाजारातल्या सुक्या बोंबलाची चटणी आणि वेलावरची काकडी, हेच जेवण. दारात पीक उभं आणि आम्ही काकडी खातोय, याचा मला तेव्हा फार राग यायचा. मी अकरावीत होते, कॉलेजला सुट्टी होती, आणि अकरावीतल्या मुलीला सगळ्याच गोष्टींचा राग येतो.

बाबा किनाऱ्याकडच्या एका चिकूच्या वाडीत पंप सांभाळायचे. तिथेच ते विजेचं काम शिकले. पाड्यावर कुणाचा दिवा लागत नसला की बाबांना बोलावणं यायचं, आणि ते कानाला पेन्सिल लावून जायचे, जसे काही साहेबच. त्याआधीच्या वर्षी रानडुकरांनी आमचं अर्धं शेत एका रात्रीत लोळवलं होतं. सकाळी बांधावर उभी राहून आई रडली नाही, नुसती कमरेवर हात ठेवून बघत राहिली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. म्हणून त्या वर्षी बाबांनी तार लावली. ओहळाच्या काठाने बांबूच्या खुंट्या, खुंट्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, त्यावरून गुडघ्याएवढ्या उंचीवर बारीक तार, आणि रात्री जेवणं उरकली की लांब बांबूने विजेच्या लाईनवर आकडा. पहाटे कोंबडा आरवला की आकडा काढायचा. तार ओढताना खुंट्या धरायला मीच होते. बाबांनी घरोघर सांगून ठेवलं होतं, रातचं आमच्या ओहळाकडं कोन जाऊ नका. का, ते कुणी विचारलं नाही. कुणाच्या शेतावर आकडा, कुणाच्या फासक्या, हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि परक्या माणसासमोर कुणालाच काही ठाऊक नव्हतं. ते चूक होतं का, असं मला आता कुणी विचारलं तर होय म्हणेन, पण आईचे कमरेवरचे हात आठवले की आवाज जरा खाली येतो.

जानीमावशी आमच्या पाड्याची सुईण. माझ्या वयाची जेवढी माणसं तिथे होती, ती सगळी तिच्या हातांवर या जगात आली. मी पायाळू. त्यामुळे मी उलट उत्तर दिलं की ती म्हणायची, "उलटीच आलीस, सरळ काय बोलशील?" सत्तरीला टेकलेली, काटक, तंबाखूने दात काळे झालेले, आणि जंगलातून एकटी चालायची खोड. सोबत कुणी निघालं की हाकलून द्यायची. बडबड्या माणसाबरोबर चाललं की पाय दुखतात, असं तिचं म्हणणं. त्या आठवड्यात धारेपलीकडच्या पाड्यावर एक बाळंतीण अडली म्हणून तिला न्यायला माणूस आला आणि ती गेली. ती गेली की पाचवीची पूजा होईपर्यंत राहायची, म्हणून इकडे कुणाला काळजी नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाड्यावरचा देवजी तिची तंबाखूची पिशवी घेऊन आला. "मावशी इसरून गेली," म्हणाला. तिची सून अंगण झाडत होती. तिने विचारलं, "इसरून गेली म्हंजे? मावशी हाय कुठं?" देवजी म्हणाला, मावशी तर पाचवीला न थांबता काल सकाळीच निघाली. सुनेच्या हातातला झाडू खाली पडला आणि तिने जो टाहो फोडला तो आमच्या घरापर्यंत आला.

त्या पहाटे काय झालं होतं ते इथे सांगायला हवं. उत्तररात्री कधीतरी लाईट गेली होती. स्पीकर मध्येच बंद पडला, गाव अंधारात निजलं, आणि बाबांना पहाटे उठायची घाई वाटली नाही, कारण वीजच नाही तर आकडा असला काय आणि नसला काय. मग उजाडता उजाडता हा टाहो. बाबा कोयता घेऊन तसेच पळाले, मी आणि आई त्यांच्या मागे. जाताना मी एकदा मागे वळून पाहिलं. आकड्याचा बांबू लाईनला तसाच टेकलेला होता. मला दिसला आणि मी तो पाहून न पाहिल्यासारखा केला.

देवळापाशी तीसेक माणसं जमली. त्यात दोन खाकी कपडे दिसले तशी मी आईच्या मागे सरकले. जंगलखात्याचा तरुण गार्ड, मोहिते नावाचा, साताऱ्याकडचा, चार महिन्यांपूर्वीच इथे आलेला. आणि त्याच्याबरोबर एक वयस्कर मजूर. कुणीतरी वाटेत त्यांना सांगितलं होतं आणि ते मदतीला आले होते. गार्ड भला माणूस होता, उगाच आवाज चढवायचा नाही. पण जंगलाच्या तोंडाशीच त्याची काठी एका फासकीत अडकली. ब्रेकच्या वायरीचा फास, डुकराच्या वाटेवर बरोबर लावलेला. त्याने तो सोडवला, हातावर गुंडाळला आणि सगळ्यांकडे पाहिलं. "हे कोणाचं?" सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. "आज म्हातारीला शोधायचंय, म्हणून आज विचारत नाही," तो म्हणाला. "पण परत असं काही दिसलं तर मी कुणाची गय करणार नाही. आपलीच माणसं मरतील यानं." मोलाचं बोलला होता तो. आम्ही मात्र सगळे तसेच पुढे चालू लागलो.

वाटेने धारेपर्यंत चढलो. वाटेवर मावशी नव्हती, तिची चप्पल नव्हती, थुंकलेल्या तंबाखूचा डागही नव्हता. म्हणजे ती वाट सोडून कुठेतरी उतरली होती, आणि वाट सोडली की आश्विनातलं जंगल म्हणजे डोक्याएवढं गवत. फोन तेव्हा कुणाकडेच नव्हता. धारेवर माणसांच्या दोन टोळ्या केल्या. बाबांची टोळी देवजीबरोबर पलीकडच्या अंगाला, आमची ओहळाच्या अंगाने खाली आमच्या पाड्याकडे. आमच्या टोळीचा म्होरक्या लाडक्याकाका, पाड्यावरचा जुना शिकारी. तो म्हणाला, "रांग धरून उतरायचं. डुकराला काढतो तसं. आनलेली पत्रं, थाळ्या काढा, वाजवीत चला, म्हंजे जनावर बाजूला पळंल." सगळ्यांना पटलं, कारण आमच्या माणसांना जंगलात काहीही शोधायची दुसरी रीत माहीतच नव्हती. गार्डने फक्त एक नियम घातला. रांग सोडायची नाही, दोघांत पाच हातांचं अंतर, आणि दर थांब्याला तो डोकी मोजणार. "एक हरवलंय, दुसरं हरवायला नको," तो म्हणाला.

मी बाबांकडे गेले. गार्ड चार पावलांवर पाणी पीत होता. "बाबा," मी हळूच म्हटलं, "आकडा." त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांच्या डोक्यातून ते साफ गेलं होतं. डुक्कर ज्या वाटेने खाली येतं त्याच वाटेवर आमची तार होती, आणि डुक्कर काढायची रांगही त्याच वाटेने उतरणार होती. ते क्षणभर गार्डकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लाईट नाय ना अजून. येत नाय लवकर. तू असं कर, शेत जवळ आलं का पुढं पळ आन बांबूनं आकडा पाड. कोनाला बोलू नको, सुनी." मी मान हलवली. ते धारेपलीकडे उतरून दिसेनासे झाले. मी सतरा वर्षांची होते, आणि बापाने पहिल्यांदाच मला मोठ्या माणसाचं काम सांगितलं होतं. खरं सांगायचं तर भीतीबरोबर थोडा अभिमानही वाटला.

रांगेत माझी जागा अगदी टोकाला, ओहळाच्या काठावर आली, आणि माझ्या शेजारी गार्ड. आई दुसऱ्या टोकाला, मला तिची नुसती थाळी ऐकू येत होती. उतरायला लागलो तसं कळलं की हरवलेल्या माणसाला शोधणं म्हणजे स्वतः अर्धं हरवणंच आहे. गवतात शेजारचं माणूस दिसत नव्हतं, फक्त गवत हललेलं दिसायचं. पहिल्याच उतारावर खाजकुइलीच्या शेंगा कुणाच्या तरी खांद्याला घासल्या आणि दोन माणसं अंग ओरबाडत खाली बसली. सुक्या शेणाने चोळून चोळून त्यांची कातडी लाल झाली. पुढे लाडक्याकाकाच्या थाळीच्या आवाजाने गांधीलमाश्यांचं पोळं उठलं, आणि पळापळीत एक माणूस जुन्या खड्ड्यात कंबरेपर्यंत गेला. थांब्याला गार्डने डोकी मोजली तर एक कमी. सगळ्यांनी हाका मारल्या. अर्ध्या तासाने तो सापडला, तीस पावलांवर, उलट्या दिशेला तोंड करून चालत होता आणि आम्हीच हरवलो असं आम्हाला ठणकावून सांगत होता. कुणी हसलं नाही. एरवी वर्षभर पुरली असती ती गोष्ट. एका दगडावर घोणस वेटोळं करून पडलेली दिसली तेव्हा गार्डने हात आडवा करून मला थांबवलं, आणि ती सरकून जाईपर्यंत आम्ही दोघे श्वास धरून उभे राहिलो.

दुपारी सगळ्यांनी उभ्या उभ्या भाकरी खाल्ली. गार्डने डबा आणला नव्हता. मी माझी अर्धी भाकरी त्याला दिली आणि त्याने त्याची पाण्याची बाटली मला दिली. "कितवीला आहेस?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, त्याची धाकटी बहीणही अकरावीला, सायन्सला, आणि त्याच्या पगारातून तिची फी जाते. मी 'हां' म्हटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. तो साधं काही विचारायचा आणि मला वाटायचं की हा आता तारेचं विचारतो. प्रत्येक थांब्याला मी खाली पाड्याकडे कान लावत होते. स्पीकर गप्प होता. लाईट नाही. अजून नाही. मी मनातल्या मनात देवीला हेच मागत होते की मावशी सापडू दे आणि लाईट येऊ नको देऊ, आणि दोन्हींतलं आधी कोणतं मागत होते ते तिलाच ठाऊक.

उन्हं कलायला लागली तेव्हा सागाची शेवटची झाडं लागली. त्यातून खाली पिवळं शेत दिसलं. मी पाऊल उचललं. दोन हात पुढे जाते न जाते तोच गार्ड म्हणाला, "ताई, रांग." मी म्हटलं, "आमचंच शेत आहे ते, मी पुढे जाऊन बघते." तो म्हणाला, "नाही. मघाशी बघितलंस ना काय झालं ते? शेवटपर्यंत रांगेतच." मी मागे आले. थोड्या वेळाने म्हटलं, मला लघवीला जायचंय. तो लाजला, आणि लाडक्याकाकाला सांगून त्याने अख्खी रांग थांबवली. आता सगळी रांग माझ्यासाठी उभी. मी झुडपामागे बसले आणि पुढे पळायला बघितलं, तर काठाला करवंदीची जाळी, वाटच नव्हती. परत आले. रांग चालू लागली. थाळ्या, पत्रे, हाकारे. ओहळाच्या अंगाने आम्ही वाजवत वाजवत उतरत होतो. तार आता मला दिसत नव्हती, ती दिसायचीच नाही अशी होती, पण खुंट्या कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. गार्ड माझ्या थोडा पुढे निघाला होता, कारण त्याच्या बाजूचं गवत आधी संपलं.

आणि पाड्यावरचा स्पीकर सुरू झाला. रात्री जिथे तुटलं होतं तिथूनच गाणं पुढे चालू झालं, एकदम मोठ्याने. रांगेतल्या कुणाला त्याचं काही नव्हतं. मी ओरडले. "थांबा! तारेत करंट हाय! पुढं पाय टाकू नका!" आवाज ऐकला आणि ओरडले, असंच मी सगळ्यांना सांगत आले आहे, आणि सगळेही तसंच सांगतात. गार्डचा पाय उचललेला होता. त्याने तो हळूच मागे घेतला. त्याच्या नडगीपासून तार वीतभर होती. रांग जिथल्या तिथे थिजली. थाळ्या थांबल्या, पत्रे थांबले. पलीकडच्या टोकाला आई होती, तिला सगळं कळलं. ती बांधाला वळसा घालून वेड्यासारखी पळत गेली आणि वाळक्या बांबूने तिने आकडा पाडला.

मग शांतता पसरली. सकाळपासून पहिल्यांदा आमच्यातलं कुणी काही वाजवत नव्हतं. आणि त्या शांततेत आमच्या मागून, आम्ही ओलांडून आलेल्या ओहळातून, टक टक असा आवाज आला. थांबून परत टक टक. लाडक्याकाका कान टवकारून म्हणाला, "दगुड वाजवतंय कोनतरी." ओहळाच्या काठाखाली पाण्याने खणलेली कपार होती, वरून करवंदीची जाळी. तिच्यात जानीमावशी पडली होती. डावा पाय मांडीपासून सुजून तंग झालेला, ओठ फाटलेले, घसा पार बसलेला, आणि हातात गोटा. तिने पाणी प्यायलं, आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं आणि फाटक्या आवाजात म्हणाली, "मुडद्यांनो, सकाळधरनं मी दगुड वाजवतेय. तुम्ही डुक्कर काढाया आलाव का मला?" लाडक्याकाका हातातल्या थाळीकडे बघत राहिला. मग त्याने ती थाळी ओहळात टाकून दिली. ज्या म्हातारीला शोधत होतो तिचा आवाज आम्हीच दिवसभर आमच्या गोंगाटाने बुडवला होता.

दोन बांबू आणि लुगडं बांधून डोली करत होते तेव्हा गार्ड तारेपाशी गेला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. वळून म्हणाला, "ही तार कुणाची?" कुणी म्हणालं, इथं चार जणांची शेतं हायत. तो माझ्याकडे वळला. "ताई, तुला कसं माहीत?" मी डोलीची गाठ आवळायला वाकले. तेवढ्यात डोलीतून मावशी बोलली, "तिला काय म्हायत? चमकली आसंल तार, दिसली आसंल. कोनाची ते कोनाला ठावूक नाय. मलापन नाय." तिचा शब्द पाड्यावर शेवटचा असायचा. गार्ड परत तारेकडे वळला. मला वाटलं, सुटलो.

धार ओलांडून परत निघालेली बाबांची टोळी हाकारे थांबले ते ऐकून धावत आली होती. बाबा घामाने भिजलेले, आधी माझ्याकडे बघितलं, मग पडलेल्या आकड्याकडे. डोली उचलायला ते मावशीच्या डोक्याशी वाकले. ती त्यांच्याशी हळू बोलली, पण मी जवळ होते. "लखमा, काल मुळ्या खणीत वाट सोडली, दिवस कलला तवा पडले मी. तुझ्या दारातला दिवा दिसत होता रं. सरपटत आले असते मी, पंचवीस पावलं. पन मधी तुझी तार होती. एक रानमांजर चिकटलं माझ्यासमोर. मंग गपच पडून राहिले. वरडले तर तो गरबा. तो थांबला तवर घसा गेला." बाबा म्हणाले, "रातचं लाईट गेली होती, मावशी." ती म्हणाली, "गेली होती. पन कवा येल ते कोन सांगनार? मी नाय पाय टाकला."

बाबा उठून उभे राहिले. डोली दुसऱ्याने उचलली. ते सरळ गार्डसमोर गेले, पागोटं काढून हातात धरलं आणि म्हणाले, "साहेब, तार माझी हाय. शेत माझं हाय. आकडाबी मीच टाकला." मागे आई मटकन खाली बसली. मावशीने डोलीतून कपाळावर हात मारून घेतला. तिने शब्द टाकून वाचवलेल्या माणसाने स्वतःच मान पुढे केली होती. गार्डने खिशातून वही काढली.

केस झाली. तीन वर्षं बाबा तारखांना डहाणूला जात राहिले, वाडीतलं पंपाचं काम गेलं, आणि कानाला पेन्सिल लावलेले बाबा मला नंतर कधी दिसले नाहीत. पण ते वाकले नाहीत. मला एकदाच म्हणाले, "बरं झालं वरडलीस. नाय तर मी जगलो नसतो." मावशीचा पाय बरा झाला पण आखूड राहिला, त्या पायाने तिने पुढेही बाळंतपणं केली, फक्त आता सोबत घ्यायला लागली. गार्डने जबाबात लिहिलं की आरोपीच्या मुलीने प्रसंगावधान राखून आवाज दिला म्हणून माझे प्राण वाचले. बाबांना सौम्यात सुटायला तो कागद फार उपयोगी पडला, असं वकील म्हणाले. गार्ड एकदा घरी आला, आईच्या हातचा चहा प्यायला आणि जाताना त्याने मला हात जोडले. मी आत पळाले. सगळ्यांना वाटलं, पोर लाजली.

त्याची बदली झाली तरी दर नवरात्रात त्याचा फोन येतो, अजूनही. तो आता आजोबा झाला आहे. मागच्या वेळी त्याने नातीला फोन दिला आणि मागून त्याचा आवाज आला, "ही ती ताई बरं का. लाईट आल्या आल्या ओरडली, म्हणून आपण सगळे आहोत." ती पोरगी म्हणाली, "थँक्यू, आजी." मी म्हटलं, खुशाल राहा.

मी लाईट आल्या आल्या ओरडले नाही. स्पीकर सुरू झाला तेव्हा मी मोठ्या सागापाशी होते. तिथून मी जिथे ओरडले ती जागा नऊ पावलांवर आहे. नंतर अनेकदा एकटी जाऊन मी ती मोजली आहे. नऊ पावलं मी गाणं ऐकत, गार्डच्या बुटांकडे बघत चालले. माझ्या मनात तेव्हा काय होतं तेही मला स्पष्ट आठवतं. सगळ्यात पुढे तो आहे. आपलं कुणी नाही. आणि तो नसला तर वहीत लिहिणारंही कुणी नाही. हा सगळा विचार मी केला, शब्दाशब्दाने, सतरा वर्षांच्या, अर्धी भाकरी वाटून दिलेल्या मुलीने. मग तो चालता चालता मागे वळला, मला हात केला आणि म्हणाला, "ताई, जपून ये, इथे घसरतंय." तेव्हा मी ओरडले. तो मागे वळला नसता, तर दहावं पाऊलही मी गप्पच टाकलं असतं की काय, हे मला आजही ठाऊक नाही.